रिकाम्या पोटी अजिंक्यतारा

वाचकाच्या पत्राचा सारांश

साताऱ्यातील एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांचे वय ४६, वजन ८४ किलो, आणि नोकरी दिवसभर खुर्चीवर बसून करण्याची. सहा महिन्यांपासून ते रोज पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याचा चढ चढतात, रविवारी यवतेश्वरच्या घाटात पळतात, आणि साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये उतरण्याचा त्यांचा विचार आहे. व्यायामापूर्वी ते काहीही खात नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. गटातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांना सांगितले आहे की पहिला अर्धा तास शरीर साखर जाळते, नंतर चरबीला हात घालते, आणि आधी एक केळे जरी खाल्ले तरी सगळी मेहनत वाया जाते. सुरुवातीच्या दोन महिन्यांत वजन चार किलोंनी उतरले, त्यानंतर काटा जागचा हललेला नाही. चढाच्या शेवटी डोके हलके होते आणि पाय लटपटतात. नऊच्या सुमारास इतकी भूक लागते की बशीभर पोह्यांवर आणखी दोन चपात्या जातात. आई रोज बजावते की उपाशीपोटी अंगमेहनत केली की पित्त होते. पत्नीला चार वर्षांपासून मधुमेह असून ‘साखरेची गोळी’ चालू आहे. त्याही सोबत रिकाम्या पोटी येतात, ‘पण लवकर दमतात, दोनदा हातपाय थरथरून दरदरून घाम आला, सवय नसल्यामुळे असेल’. प्रश्न असा आहे की खरे कोणाचे, आईचे की सहकाऱ्यांचे? आणि वजन पुन्हा उतरावे म्हणून न्याहारी थेट अकरा वाजता करावी का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न तुमच्या स्वतःविषयी आहे. मला मात्र पत्रात जाता जाता आलेल्या एका वाक्यापाशी थांबावे लागले, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. पत्नीचे हातपाय थरथरले आणि दरदरून घाम आला हे तुम्ही ‘सवय नसल्यामुळे असेल’ असे म्हणून पुढे गेला आहात. तो अंदाज कृपया आजच्या आज बाजूला ठेवा. मधुमेहाचे औषध घेणाऱ्या व्यक्तीला रिकाम्या पोटी चालताना कंप सुटणे, थंड घाम येणे, छाती धडधडणे, एकाएकी खा-खा सुटणे, बोलणे असंबद्ध होणे ही रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत घसरल्याची लक्षणे असू शकतात. असे दोनदा घडले आहे, याचा अर्थ ते तिसऱ्यांदाही घडू शकते, आणि तिसऱ्यांदा त्या कदाचित कठड्याच्या कडेला असतील.

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या एकसारख्या नसतात. केवळ मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर फार खाली जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड यांसारखी औषधे मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि पोटात अन्न पडले आहे की नाही याची ती वाट पाहत नाहीत. टोचून घेतलेल्या इन्सुलिनचेही तसेच आहे. त्यात चालणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतात, रात्रभराच्या उपवासाने यकृतातील साठा आधीच उतरलेला असतो, आणि अंगात इन्सुलिन जास्त असले की उरलेला साठा सोडताना यकृत हात आखडता घेते. अशी तिन्ही बाजूंनी कोंडी झाली की साखर झपाट्याने खाली येते. आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, त्यामुळे ‘आमची साधी मेटफॉर्मिनचीच गोळी आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेली सगळी नावे वाचा आणि ते पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी फिरण्याआधी घ्यायची की परत आल्यावर न्याहारीसोबत, मात्रा कमी करायची की औषधच बदलायचे, हे त्यांनीच ठरवायचे आहे. घरच्या घरी गोळी बंद करू नका.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत पत्नींनी रिकाम्या पोटी अजिबात बाहेर पडू नये. घरी साखर मोजण्याचे यंत्र असेल तर निघण्यापूर्वी मोजावी. आकडा ९० ते १०० च्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. वाटेत कंप सुटला आणि साखर ७० च्या खाली दिसली, किंवा मोजण्याची सोय नसली, तरी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. साधारण १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटले नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी, आणि त्यानंतर पोळी-भाजी किंवा तत्सम काही खायला द्यावे. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट देण्याची पद्धत आहे, परंतु त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. साधी साखर, ग्लुकोजची पूड किंवा फळांचा गोड रस हेच अधिक कामाचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. व्यायामानंतर स्नायू आपला रिता झालेला साठा भरून घेत राहतात, त्यामुळे साखर काही तासांनी, कधी रात्री झोपेतही, खाली जाऊ शकते.

पत्नींसाठी याहून साधा आणि बहुधा अधिक उपयोगी मार्ग आहे, तो म्हणजे जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालणे. जेवणानंतर रक्तातील साखर चढत असते, आणि नेमक्या त्याच वेळी पायांचे मोठे स्नायू कामाला लागले की ती चढण आटोक्यात राहते. दुपारच्या जेवणानंतर गच्चीवर आणि रात्रीच्या जेवणानंतर गल्लीत चालणे हा त्यांच्यासाठी पुरेसा गंभीर व्यायाम आहे. किल्ला चढण्याची त्यांची स्वतःची इच्छा आहे, की तुम्ही उपाशी निघता म्हणून त्याही उपाशी निघतात, हे मला पत्रावरून कळले नाही. तुम्ही त्यांना ते शांतपणे विचारावे अशी माझी विनंती आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. तेव्हा पहाटेच्या प्रत्येक मोठ्या गटात अशी दोन-चार माणसे असणारच, आणि सगळ्यांना सरसकट ‘उपाशी या’ असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता तुमच्याविषयी.

पोट रिकामे आहे म्हणून शरीर रिकामे आहे, असे तुम्ही आणि तुमच्या आई दोघांनीही गृहीत धरले आहे. तुम्हाला त्यात फायदा दिसतो, आईंना धोका दिसतो, पण गृहीतक एकच आहे. पहाटे साडेपाचला तुमच्या अंगात काय काय शिल्लक असते ते पाहू. रक्तात एका वेळी फिरणारी साखर जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा असते. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने भरल्या पोटी साधारण ८० ते १०० ग्रॅम साखर साठवलेली असते. रात्री तुम्ही झोपलेले असता तेव्हाही मेंदू तासाला सुमारे पाच ग्रॅम या दराने साखर वापरत असतो आणि ती याच साठ्यातून येते, म्हणून सकाळी हा साठा बराच उतरलेला असतो. स्नायूंमध्ये मात्र ३०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन असते आणि रात्रीच्या उपवासाने त्याला फारसा धक्का लागत नाही, कारण स्नायूंकडे आपली साखर रक्तात परत सोडण्याचे साधनच नाही. मांडीचे धन मांडीच्याच कामाला येते, मेंदूला उसने देता येत नाही. पायांत जोर असूनही डोके हलके होते, त्याचे एक कारण या व्यवस्थेत आहे. राहिली चरबी. ८४ किलोंच्या माणसाच्या अंगी २० किलो चरबी असेल असे धरले, तर ती दीड लाख कॅलरींहून मोठी ठेव झाली. ती एका पहाटेत संपणार नाही आणि एका केळ्याने कुलूपबंदही होणार नाही.

तुमच्या सहकाऱ्यांच्या सांगण्यात अर्धे सत्य आहे, आणि ते नाकारण्याचा माझा हेतू नाही. भाकरी किंवा साखरेचा चहा घेतल्यावर इन्सुलिन वाढते आणि इन्सुलिन चरबीच्या पेशींना मेदाम्ले सोडू देत नाही. म्हणून खाऊन व्यायाम केला तर त्या तासात चरबीचा वाटा कमी आणि साखरेचा वाटा जास्त असतो, हे खरे आहे. परंतु पहिला अर्धा तास साखर आणि नंतर चरबी असा कोणताही खटका शरीरात नाही. दोन्ही इंधने पहिल्या पावलापासून एकत्रच जळत असतात आणि त्यांचे प्रमाण घड्याळापेक्षा श्रमाच्या तीव्रतेवर अधिक अवलंबून असते. आपण किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो आणि त्यासाठी किती प्राणवायू वापरतो यांच्या गुणोत्तरावरून हे मोजता येते. निव्वळ चरबी जळत असेल तर ते ०.७ च्या आसपास असते आणि निव्वळ साखर जळत असेल तर १ च्या आसपास. डेन्मार्कमधील शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग आणि त्यांचे सहकारी योहानेस लिंडहार्ड यांनी १९२० मध्येच अशा मोजमापांतून दाखवले होते की चरबीप्रधान आहारावर ठेवलेल्या माणसांना तेच काम अधिक महाग पडते आणि ती लवकर थकतात.

महाग का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण अजिंक्यताऱ्याच्या चढावर तुमचे पाय का लटपटतात याचे उत्तर तिथेच सापडते. एक लिटर प्राणवायू खर्च करून साखरेपासून सुमारे ५ कॅलरी मिळतात आणि चरबीपासून सुमारे ४.७. फरक लहान दिसतो, पण चढावर धाप लागलेली असताना टंचाई प्राणवायूचीच असते. शिवाय चरबीला पेशीतून सुटून, रक्तातल्या प्रथिनाच्या पाठीवर बसून, स्नायूपर्यंत आणि तिथून ज्वलनाच्या जागेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तर ग्लायकोजेन स्नायूत हाताशी ठेवलेले असते. म्हणून सपाटीवर बोलत बोलत चालताना चरबीचा वाटा चांगला मोठा असतो, आणि चढ लागून बोलणे तुटू लागले की शरीर साखरेकडे वळते. तुम्ही उपाशी असा वा खाल्लेले असा, उभ्या चढावर मुख्य इंधन साखरच असते. तेव्हा चरबी जाळण्यासाठी तुम्ही उपाशी राहता आणि मग नेमका तोच व्यायाम निवडता ज्यात चरबीचा वाटा कमी असतो. ही विसंगती तुमच्या नजरेतून सुटली असावी.

यापुढचे गृहीतक मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. व्यायामाच्या तासात जळालेली चरबी म्हणजेच कंबरेवरून उतरलेली चरबी, असे आपण मानतो. एक ढोबळ हिशेब करू. तासाभराच्या चालण्यात तुमच्या सुमारे ३५० कॅलरी खर्च होतात असे धरा. काही खाऊन गेलात तर त्यांतील ४० टक्के चरबीतून आणि उपाशी गेलात तर ६० टक्के चरबीतून आल्या असे समजू. हे टक्के मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत आणि ते तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूने उदारपणे घेतले आहेत. फरक झाला ७० कॅलरींचा, म्हणजे आठ ग्रॅमहूनही कमी चरबीचा. चमच्याने मोजले तर हे दीड-दोन चहाचे चमचे तेल होते. आणि ते उरलेल्या २३ तासांत बरेचसे परत फिरते, कारण सकाळी चरबी अधिक जाळलेले शरीर दिवसभरात साखर अधिक जाळते, आणि सकाळी साखर जाळलेले शरीर नंतर चरबीकडे वळते. कंबरेची नोंद दिवसाच्या, आठवड्याच्या एकूण जमाखर्चावरून होते. नऊ वाजता पोह्यांवर जाणाऱ्या त्या दोन चपात्या तूप-तेलासह धरल्या तर सहज २०० कॅलरींच्या पुढे जातात. सकाळी वाचवलेले दीड चमचा तेल तिथे तिप्पट होऊन परत येते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात २० तरुणींना चार आठवडे आठवड्यातून तीनदा एक तास व्यायाम करायला सांगितले होते. आहार दोन्ही गटांचा सारखाच कमी केला होता, फक्त एका गटाने व्यायाम उपाशी केला आणि दुसऱ्याने काही पोटात घालून. दोन्ही गटांचे वजन उतरले, चरबीही उतरली, आणि दोहोंत दखल घेण्यासारखा फरक आढळला नाही. याच्या जोडीला दुसऱ्या बाजूचाही पुरावा सांगितला पाहिजे. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या पुरुषांवर सहा आठवड्यांचा प्रयोग करून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. न्याहारीपूर्वी सायकल चालवणाऱ्यांनी व्यायामादरम्यान सुमारे दुप्पट चरबी जाळली, वजन मात्र दोन्ही गटांचे सारखेच उतरले. तरीही न्याहारीपूर्वी व्यायाम करणाऱ्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद अधिक सुधारला. म्हणजे रिकाम्या पोटी केलेल्या हलक्या-मध्यम व्यायामाला स्वतःचे मोल आहे, आणि तुमच्यासारख्या बैठ्या कामाच्या, पोट सुटलेल्या माणसासाठी तर आहेच. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत, पण तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

आईंच्या म्हणण्याकडे येते. आपल्याकडची जुनी रीत काय होती ते त्यांनाच विचारून पाहा. शेतकरी उजाडण्यापूर्वी औताला जात असे आणि भाकरी-ठेच्याची न्याहारी दोन-तीन तास काम झाल्यावर बांधावर येत असे. कोल्हापूरच्या तालमींत पहाटे जोर-बैठका आणि लढत आधी होते, बदामाची थंडाई नंतर. अंगमेहनतीची ही दोन्ही माणसे कामाच्या सुरुवातीला उपाशीपोटीच असत. पण त्यांचे आदल्या रात्रीचे ताट आठवा. पैलवान आदल्या दिवशी जे जेवलेला असतो त्यातूनच त्याच्या मांड्यांत पहाटेचे ग्लायकोजेन भरलेले असते. स्वीडनच्या बेर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या संशोधकांनी १९६० च्या दशकात स्नायूत सुई घालून त्याचा कणभर तुकडा काढण्याची पद्धत वापरून हेच मोजले. त्यांच्या गटाच्या १९६७ च्या प्रयोगात तीच माणसे, तोच जड व्यायाम, आधीच्या तीन दिवसांचा आहार तेवढा वेगळा होता. स्निग्ध आणि प्रथिनयुक्त आहारानंतर ती जेमतेम तासभर टिकली, मिश्र आहारानंतर जवळपास दोन तास, आणि भरपूर पिष्टमय आहारानंतर पावणेतीन तासांच्या आसपास. तुम्ही पहाटे काय खाता यापेक्षा रात्री काय जेवता हा प्रश्न मला अधिक विचारावासा वाटतो, आणि तुमच्या पत्रात रात्रीच्या जेवणाचा एका शब्दानेही उल्लेख नाही. वजन उतरवण्यासाठी तुम्ही रात्रीची भाकरी किंवा भात सोडला असेल, तर पहाटेचे लटपटणारे पाय आणि नऊ वाजताची अनावर भूक या दोहोंचा उगम तिथेच असण्याचा संभव आहे.

पहिल्या दोन महिन्यांतील चार किलोंविषयीही थोडे बोलायला हवे. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठवलेले असते, त्यामुळे खाणे कमी करून व्यायाम सुरू केला की आरंभी एक-दीड किलो पाण्यानेच उतरते. त्या वेगाची पुढे अपेक्षा धरली की निराशा पदरी येते. नंतर काटा थांबला याचा अर्थ व्यायाम निष्फळ ठरला असा होत नाही. ८४ किलोंचे शरीर चढवायला ८८ किलोंपेक्षा कमी इंधन लागते, भूक मात्र वाढलेली असते, आणि कार्यालयातले आठ तास खुर्चीतच जातात.

डोके हलके होण्याबाबत मी तुम्हाला केवळ केळ्याचा उपाय सांगून मोकळी होणार नाही. सर्वांत सोपे कारण पाण्याचे आहे. रात्रभर पाणी नाही, पहाटे पाणी नाही आणि त्यावर घाम, म्हणून रक्तदाब खाली जातो, विशेषतः माथ्यावर पोहोचून एकदम थांबल्यावर. उठल्यावर एक-दोन पेले पाणी प्या. त्याने चरबीच्या ज्वलनात तसूभरही फरक पडत नाही. माथ्यावर पोहोचल्यावर पाच मिनिटे संथ चालत राहा. परंतु तुमचे वय ४६ आहे, पोट सुटलेले आहे आणि चढावर घेरी येते. एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर अर्धमॅरेथॉनची तयारी पुढे नेण्यापूर्वी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि हृदयाची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. चढताना छातीत दडपण आले, जबडा किंवा डावा हात भरून आला, किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर तो आहाराचा प्रश्न समजू नका. तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तपासण्या ठीक आल्या, तर आठवड्यातल्या सगळ्या पहाटांना एकच नियम लावू नका. साताऱ्यातील ‘चार भिंती’ या स्मारकाच्या बाजूला किंवा गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर पाऊण तास, शेजाऱ्याशी अखंड वाक्ये बोलता येतील अशा चालीने जाणार असाल, तर पाणी पिऊन, बाकी काही न खाता खुशाल जा. चरबीला वाटा मिळावा ही तुमची इच्छा तिथे पुरी होते. बिनसाखरेची काळी कॉफी किंवा कोरा चहा चालतो. चढाच्या दिवशी निघण्यापूर्वी २०-३० मिनिटे आधी एक मध्यम केळे, दोन-तीन खजूर किंवा एक राजगिऱ्याचा लाडू खा. हे २०-२५ ग्रॅम पिष्टमय अन्न यकृताच्या उतरलेल्या साठ्याला आधार देते, डोके ताळ्यावर राहते, तुम्ही अधिक जोमाने चढता, आणि पुष्कळांचा अनुभव असा आहे की नऊ वाजताची भूकही माणसात येते. आठवड्यातले दोन दिवस किल्ला सोडून जोर, बैठका किंवा वजने यांना द्या. वयाच्या पंचेचाळिशीनंतर वजन उतरवताना स्नायू गमावले तर काटा खूश होतो आणि शरीर दुबळे होते. याविषयी स्वतंत्रपणे लिहावे इतका तो विषय मोठा आहे.

यवतेश्वरच्या घाटातील रविवारची धाव मात्र रिकाम्या पोटी करू नका. २१ किलोमीटरचे डोंगरी अंतर पहिल्या वर्षी तुम्हाला अडीच तास किंवा अधिकही घेईल आणि तेवढ्या वेळात साखरेचा साठा तळाला जातो. १९२४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉनच्या शेवटी डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा सर्वांत वाईट अवस्थेत पोहोचलेल्यांची साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना आधी पिष्टमय आहार आणि वाटेत गोड गोळ्या दिल्या, आणि त्यांची अवस्था स्पष्टपणे सुधारली. शंभर वर्षे जुना हा धडा आजही तसाच लागू आहे. दीड तासाहून लांब धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय अन्न घ्यायचे असते आणि पळता पळता ते पचवण्याचीही सवय आतड्यांना लावावी लागते. ती सवय स्पर्धेच्या दिवशी लागत नाही, म्हणून खिशात खजूर किंवा लिमलेटच्या गोळ्या ठेवून ती रविवारीच करा. आदल्या रात्री भात किंवा भाकरी पोटभर आणि तळण कमी, एवढे पाळलेत तरी पुरे.

न्याहारी अकरापर्यंत लांबवावी का? तुमच्या बाबतीत माझे उत्तर नाही असे आहे. जेवणाच्या वेळा आवळून काही लोकांचे एकूण खाणे सहज कमी होते, त्यांना ते मानवते आणि त्यांना मी अडवणार नाही. पण नऊ वाजताच ज्यांचा हात सुटतो त्यांचा अकरा वाजता अधिकच सुटेल. त्यापेक्षा परत आल्यावर तासाभरात नीट न्याहारी करा: मोड आलेल्या मटकीची उसळ आणि एक भाकरी, किंवा दोन अंडी आणि पोळी, सोबत वाटीभर दही. नुसते पोहे पटकन पचतात आणि पुन्हा भूक लागते. पोह्यांत शेंगदाणे आणि मटार घालून वर दही घेतले तर तेच पोहे दुपारपर्यंत साथ देतात.

सोमवार किंवा एकादशी धरणाऱ्या वाचकांचेही प्रश्न येतात, म्हणून इथेच सांगते. साबुदाणा, रताळे आणि राजगिरा यांत पिष्टमय पदार्थ भरपूर असतात, त्यामुळे फराळ करून धरलेल्या उपवासात हलका व्यायाम करायला हरकत नाही. निर्जळी उपवासाच्या दिवशी मात्र चढ, धाव आणि वजने तिन्ही टाळावीत. गर्भवती स्त्रिया, वाढत्या वयाची खेळाडू मुले-मुली, पाळी अनियमित झालेल्या धावपटू मुली, आणि खाण्याविषयी सतत अपराधी वाटण्याचा त्रास ज्यांना होऊन गेला आहे अशा सर्वांनी उपाशीपोटी व्यायामाच्या वाटेला जाऊच नये.

पित्ताचे म्हणाल, तर आईंची शंका अगदी निराधार नाही. काहींना रिकाम्या पोटी पळताना आंबट पाणी वर येते, तर काहींना भरल्या पोटी त्याहून अधिक येते. तुम्हाला जळजळ होते असे तुम्ही लिहिलेले नाही. होत असेल तर रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवून पाहा, आणि तरीही ती आठवड्यातून दोन-तीनदा होत राहिली तर दाखवून घ्या.

पुढचे चार आठवडे एक वही करा. वजन रोज पाहू नका, आठवड्यातून एकदा पुरे. त्याच दिवशी कंबरेचा घेर बेंबीच्या पातळीवर मोजा, कारण आपल्याकडील पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही काळजीची रेषा मानली जाते. रोज मात्र एवढ्याच गोष्टी लिहा: आदल्या रात्री काय जेवलात, पहाटे काही खाल्लेत का, चढ होता की सपाटी, डोके हलके झाले का, आणि नऊ वाजताची भूक किती होती. पत्नींसाठी वेगळे पान ठेवा. त्यावर गोळीची वेळ, निघण्यापूर्वीची साखर आणि चालल्यानंतरची साखर असे तीन रकाने आखा. ते पान त्यांनी स्वतः भरावे आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला सोबत न्यावे.